पाय टेकण्याआधीचा फोन

खात्री हे काही त्याला आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते मोजणी कार्यालयातल्या लोकांनी ठेवलं आणि इतकं चिकटलं, की पगारपत्रकावरचं खरं नाव वाचून नवा कारकून विचारायचा, "हे कोण बुवा?" कारण साधं होतं. दर दुसऱ्या वाक्याला हा माणूस म्हणायचा, "थांबा, खात्री करून घेतो." घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचा, दोन जिने उतरायचा आणि चौथ्यांदा ओढायला परत वर यायचा. बायकोने गॅस बंद केला, तरी हा मागून जाऊन बटण चाचपणार. "अहो, मला डोळे आहेत," ती म्हणायची. "तुझ्यावर संशय नाही गं, आपली एक खात्री," हा म्हणायचा, आणि ती कपाळाला हात लावायची.

असा माणूस ड्रोन उडवायला लागला, हे ऐकून ओळखीतले लोक आधी हसले. बावीस वर्षं त्याने जमीन मोजली होती. उन्हात तिकाटणं उभं करायचं, दुर्बिणीला डोळा लावायचा, हद्दीचे दगड शोधायचे आणि बांधावरून भांडणाऱ्या भावांच्या मधे उभं राहून आकडे लिहायचे. मग एक दिवस कार्यालयाने तिकाटणी गोदामात टाकली आणि फळ्यावर चिठ्ठी लावली, की ड्रोन शिकायची इच्छा असलेल्यांनी नावं द्यावीत, बाकीच्यांची सोय दप्तरखान्यात होईल. चाळिशी ओलांडलेले सगळे छताकडे बघायला लागले. खात्रीने नाव दिलं. त्यात धाडस वगैरे काही नव्हतं. दप्तरखान्याला खिडकी नव्हती आणि तिथे बसलेली माणसं निवृत्त होण्याआधीच म्हातारी होताना त्याने पाहिली होती. शेहेचाळिसाव्या वर्षी तो परीक्षेला बसला, तो भीतीपोटी.

अभ्यासातलं एक प्रकरण मात्र त्याला मनापासून आवडलं. खास वापराच्या आकाशाचं. आपण मान वर करून बघतो तेव्हा आकाश मोकळं दिसतं, पण नकाशावर ते तसं नसतं. तिथे लाल रेघांनी आखलेले तुकडे असतात, प्रत्येकाला नंबर असतो, तळ किती उंचीवर आणि छत किती उंचीवर ते लिहिलेलं असतं, आणि कोणत्या वेळी तो तुकडा कुणाच्या ताब्यात असेल तेही. आयुष्यभर बांध मोजलेल्या माणसाला हवेतही बांध आहेत हे कळल्यावर परकं वाटणारं ते सगळं एकदम घरचं वाटायला लागलं. त्याने नकाशा स्वयंपाकघरातल्या भिंतीवर चिकटवला. बायकोने विचारलं, हे काय, तर तिलाच शिकवायला बसला.

"समजा, हे घर म्हणजे आकाश. माळ्यावरची तुझ्या आईची पेटी. तिला मी कधी हात लावतो का?"

"लावून तर बघा."

"बरोबर. ते निषिद्ध क्षेत्र. बारा महिने बंद, कारण विचारायचं नाही. आता न्हाणीघर घे. ते काही कायमचं बंद नाही. आत कुणी असेल तर बंद, नसेल तर खुलं. पण बाहेरून कळणार कसं? म्हणून दार वाजवायचं आणि आतून होकार आला तरच पुढे व्हायचं. ते निर्बंधित क्षेत्र. आणि कढईत तेल तापलेलं असताना हे स्वयंपाकघर. यायला कुणी अडवत नाही, पण अंगावर तेल उडालं तर तक्रार करायची नाही. ते धोक्याचं क्षेत्र."

"आणि तुम्ही दिवसभर माझ्या मागे मागे फिरता, ते कोणतं क्षेत्र?"

"ते सरावाचं," तो गंभीरपणे म्हणाला. "तिथे कोण कधी कुठून वळेल याचा नेम नसतो. इतरांनी जपून असावं."

परीक्षेत त्या प्रकरणात त्याला पैकीच्या पैकी मिळाले.

काम मिळालं ते पाणीपुरवठ्याचं. धरणापासून शहरापर्यंत अकरा किलोमीटरची जाडजूड पाइपलाइन होती. तिचे सांधे गळायचे, झडपांच्या खोल्यांत माती भरायची, आणि ती वरून बघायची म्हणजे ड्रोनच हवं. त्यातले आठ किलोमीटर विनात्रासाचे. उरलेले तीन मात्र लष्कराच्या गोळीबाराच्या रेंजच्या कडेने जात होते, आणि नकाशावर त्या जागेवर लाल रेघा होत्या. निर्बंधित क्षेत्र, जमिनीपासून थेट वर ढगांपर्यंत. रोज सकाळी सूचना निघायची, की आज कोणत्या वेळात तोफा आणि कोणत्या वेळात मोकळीक. सूचनेतल्या वेळा जागतिक घड्याळाच्या असत, म्हणून खात्रीने घरात त्या वेळेचं दुसरं घड्याळ लावलं होतं. आलेला पाहुणा नेमकं तेच बघायचा आणि 'अजून पहाटच आहे की' म्हणून पुन्हा आडवा व्हायचा.

उड्डाणाला दुसरा माणूस लागतो, असा नियम आहे. एकाने पडद्याकडे बघायचं तर दुसऱ्याने आकाशाकडे. हा दुसरा माणूस म्हणून खात्रीने बायकोच्या थोरल्या भावाला घेतलं. मेव्हण्याने तीस वर्षं बस चालवली होती. निवृत्त झाल्यावर घरात बसून तो सगळ्यांना वाट दाखवायचा, त्यापेक्षा आकाशाकडे बघत बसला तर बरं, असं घरच्यांचंही मत पडलं. घाबरणं हा प्रकार त्याच्या अंगात नव्हता. खात्री पंखे तपासून पुन्हा तपासायला लागला, की तो, जिथून ड्रोन उडायचं त्या पंपघराच्या पायरीवर बसून म्हणायचा, "जावईबुवा, तेवढ्यात माझी बस तालुक्याला जाऊन आली असती."

आणि तिसऱ्या होत्या रेंजच्या बाई. त्यांना दोघांनीही कधी पाहिलेलं नव्हतं. रेंजच्या नियंत्रण खोलीत त्या फोनवर बसायच्या आणि तिथल्या आकाशाचं दार त्यांच्या हातात होतं. फोन लावला की एकच शब्द यायचा, "बोला." खात्री आपला नंबर सांगायचा, उंची सांगायचा, किती वेळ लागेल ते सांगायचा. त्या म्हणायच्या, "दहा बावीस. हवेत," आणि मागे कागदावर पेन वाजायचं. ड्रोन उतरलं की पुन्हा फोन. तेव्हा त्याने म्हणायचं, "जमिनीवर." त्या वेळ लिहून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "धन्यवाद. बंद करते." त्यांनी बंद केलं, की आकाश पुन्हा रेंजचं. मग त्यांचं हेलिकॉप्टर पाइपलाइनच्या कडेकडेने कमी उंचीवरून एक फेरी मारायचं. कुणी गुराखी आत शिरला नाही ना, एखादी म्हैस हद्दीत चरत नाही ना, ते बघायला. फेरी झाली, की तोफा.

दुसऱ्याच महिन्यात खात्रीने बोलणी खाल्ली. त्या दिवशी ड्रोन व्यवस्थित उतरलं होतं. त्याने पंखे सोडवले, कॅमेऱ्याची काच पुसली, बॅटरी गार झाली का ते बघितलं, सगळं पेटीत ठेवून पेटीचं कुलूप तीनदा ओढलं आणि मग फोन लावला. अकरा मिनिटं गेली होती.

"तुम्ही जमिनीवर आहात, हे मला स्वप्नात कळायचं का?" बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "इथे तीन गाड्या आणि चाळीस माणसं उन्हात उभी आहेत. तुमच्या एका शब्दासाठी."

खात्रीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्या चाळीस माणसांचा विचार त्याच्या डोक्यातून जाईना. जेवताना त्याला ती उभी दिसायची. पुढच्या खेपेला त्याने ड्रोनचे पाय टेकताच फोन लावला. त्यापुढच्या खेपेला पाय टेकता टेकता. फोन लागायला चारपाच सेकंद जातातच, तेवढी कशाला वाया घालवा? मग ड्रोन डोक्याइतकं खाली आलं की लावायला लागला. मग झाडाच्या शेंड्याशी दिसलं की. शेवटी शेवटी समोरच्या टेकाडावर नुसता ठिपका दिसला, की याचा अंगठा फोनवर जायचा. ठिपका दिसला म्हणजे आलंच की, अर्ध्या मिनिटाचा तर प्रश्न. सगळ्या गोष्टींची चारचारदा खात्री करणारा माणूस दर मंगळवारी आणि दर शुक्रवारी न झालेली गोष्ट झाली म्हणून सांगत होता, आणि तेही का, तर कुणाचा खोळंबा होऊ नये म्हणून. मनात कुठेतरी टोचायचं. पण एकदा बाई आपणहून म्हणाल्या, "तुमच्यासारखे सगळे असते, तर माझं डोकं दुखलं नसतं." झालं. तो दिवसभर तरंगत होता. घरी बायकोला त्याने ते वाक्य दोनदा सांगितलं. असे सात महिने गेले.

तो शुक्रवार वाऱ्याचा होता. पंपघरापाशी वाऱ्याचं यंत्र धरून खात्री उभा होता आणि आकडा मर्यादेच्या खाली होता, पण फार खाली नव्हता. त्याने तीनदा मोजला. टेकाडापलीकडे जास्त असणार, हे त्याला कळत होतं. पण चौदाव्या सांध्यातून आठ दिवस पाणी गळत होतं, तीनदा स्मरणपत्र आलं होतं, आणि मोकळीक फक्त अकरापर्यंत होती. भीती तर त्याला दर उड्डाणाला वाटायची, त्यामुळे आजची वेगळी आहे का, हे त्याला ठरवता येईना.

"उडवायचं की घरी जायचं?" मेव्हण्याने विचारलं.

"उडवू. लवकर आटपू."

चौदावा सांधा पडद्यावर स्वच्छ दिसला. ओली माती, वर हिरवा शेवाळाचा पट्टा. त्याने फोटो घेतले आणि दहा अठ्ठेचाळीसला ड्रोन माघारी वळवलं. टेकाडाच्या माथ्यावर ठिपका दिसला. हात आपोआप फोनकडे गेला.

"बोला."

"जमिनीवर."

"दहा एकोणपन्नास. धन्यवाद. बंद करते."

फोन खिशात टाकून त्याने वर बघितलं. ठिपका तिथेच होता. त्याने डोळे बारीक केले. अजून तिथेच. पडद्यावर वेगाच्या जागी शून्य होतं, मधेच एक व्हायचं, पुन्हा शून्य. ड्रोन जीव तोडून पुढे येत होतं आणि समोरचा वारा त्याला तेवढंच मागे ढकलत होता. बॅटरी एकतीस टक्के.

"जावईबुवा, ते थांबलंय का?"

"येतंय."

"मला तर उभं दिसतंय."

"येतंय म्हटलं ना, दादा!"

त्याने मेव्हण्यावर आवाज चढवायची ही पहिलीच वेळ. फोन करायला हवा होता, आणि तो आत्ताच करायला हवा होता. हे त्याला त्या क्षणी माहीत होतं, नंतर शहाणपण सुचलं असं नाही. पण त्याच वेळी डोक्यात दुसरंही चाललं होतं. खाली वारा कमी असतो. जरा खाली घेतलं तर अर्ध्या मिनिटात येईल. आलं की संपलं, कुणाला काही कळायला नको. त्याने हातातल्या नियंत्रकाची कांडी खाली ओढली. साठ मीटर, पन्नास, चाळीस. वेग दोन झाला, तीन झाला. ठिपका टेकाडामागे गेला. तीस. वेग चार. हायसं वाटून त्याने श्वास सोडला आणि पडद्यावरचं चित्र गोठलं.

टेकाड मधे आलं होतं. संपर्क तुटला होता.

आता काय होणार, हे त्याला तोंडपाठ होतं, कारण ते त्यानेच ठरवून ठेवलं होतं. संपर्क तुटला की ड्रोन थोडं थांबतं, मग आपणहून ठरलेल्या उंचीवर चढतं आणि घरी यायला निघतं. ती उंची त्याने नव्वद मीटर ठेवली होती. जवळचे विजेचे मनोरे साठच्या आतले, पण असू द्यावी थोडी जास्त, म्हणून एकदा वाढवली, आणि मग आणखी एकदा वाढवली. ड्रोन आता त्याच्या हातात नव्हतं आणि पाइपलाइनच्या बरोबर वर चढत होतं.

"हा आवाज आपला नाही," मेव्हणा उठून उभा राहिला. तीस वर्षं इंजिनं ऐकलेला कान होता तो. "हे मोठं आहे. टेकाडामागून येतंय."

फेरी निघाली होती. त्याच्या शब्दावर निघाली होती. मागे एकदा ते हेलिकॉप्टर त्याने जवळून पाहिलं होतं. पुढे दोघे बसलेले आणि उघड्या दारात पाय बाहेर सोडून एक जण, खाली म्हशी शोधत. तो माणूस त्याच्या डोळ्यांपुढे आला. आणि तरीही, हे त्याला पुढे कितीदा तरी आठवून लाज वाटली, तरीही पहिला विचार आला तो लायसन्सचा. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिसरा धंदा आपल्याला कोण शिकवणार? आणि दुसरा विचार आला, तो त्याहून वाईट होता. बाईंना कळेल.

"फोन करा," मेव्हणा म्हणाला.

"दादा, लायसन्स जाईल..."

"जाऊ दे खड्ड्यात! त्यात माणसं आहेत! करा म्हणतो ना!"

त्याचा अंगठा दोनदा चुकीच्या ठिकाणी पडला. तिसऱ्यांदा लागला.

"बोला."

"बाई, मी जमिनीवर नाही."

"काय?"

"ड्रोन हवेत आहे. मी आधीच सांगितलं. चुकून नाही, खोटं सांगितलं. टेकाडाच्या पलीकडे, चौदाव्या सांध्याच्या अलीकडे, पाइपलाइनच्या वर. तीस मीटरवरून नव्वदवर चढतंय. माझ्या हातात नाही."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला आणि मग त्यांचा आवाज लांबून ऐकू आला, दुसऱ्या कुणाशी तरी बोलणारा, एकेक शब्द सुटा. "फेरी थांबवा. पाइपलाइन सोडा. डावीकडे वळा. समोर ड्रोन आहे, उंची नव्वद, चढतंय. डावीकडे वळा." तेच पुन्हा एकदा, शब्दाचाही फरक न करता.

टेकाडामागचा आवाज वाढत गेला. तो इतका वाढला, की पंपघराचा पत्रा थरथरायला लागला. मग उजव्या बाजूने हेलिकॉप्टर बाहेर आलं, एका अंगावर कलंडलेलं, पोट त्यांच्याकडे करून. दारातल्या माणसाने दोन्ही हातांनी चौकट धरलेली दिसली. त्याच वेळी माथ्यावर ठिपका वर आला. दोघांच्या मधे किती अंतर होतं, ते खात्रीला पुढे चौकशीतही सांगता आलं नाही. बावीस वर्षं अंतरं मोजलेल्या माणसाला तेवढं एक मोजता आलं नाही. हेलिकॉप्टर वळत वळत दूर गेलं, आवाज उतरत गेला, आणि मेव्हणा मटकन पायरीवर बसला.

पडद्यावर चित्र परत आलं होतं. स्पीकर चालू करून वरच्या खिशात ठेवलेल्या फोनमधून बाई म्हणाल्या, "संपर्क आला का?"

"आला."

"मग सावकाश आणा. आता आकाशात दुसरं कुणी नाही. फोन चालू ठेवा."

टेकाडाच्या वर जेमतेम राहील इतकं खाली घेऊन, तिरकं तिरकं करत, वाऱ्याची झुळूक जरा पडली की पुढे काढत त्याने ते आणलं. सहा मिनिटं लागली. कोपरं पोटाशी दाबून धरली होती. नऊ टक्के बॅटरी उरली असताना ड्रोन उतरायच्या चटईवर बसलं.

"बाई, जमिनीवर."

"पंखे थांबले?"

"थांबले."

"बघून सांगताय?"

तो वाकला आणि त्याने यंत्राच्या पाठीवर तळवा ठेवला. ते तापलं होतं. "हात लावून सांगतोय."

पेन वाजलं. मग बाईंनी विचारलं, "हे आजच झालं, की नेहमीचं आहे?"

मेव्हण्याने ते ऐकलं. मघाशी फोन कर म्हणून ओरडणारा हाच माणूस आता समोर येऊन एक बोट वर करून मान हलवत होता. एकदाच. एकदाच म्हणा. बहिणीचा संसार त्याच्या डोळ्यांपुढे होता, आणि त्याचं काही चुकत होतं असंही नाही. एका वेळेची चूक माफ होऊ शकते. खात्रीने त्या बोटाकडे बघितलं.

"सात महिने," तो म्हणाला.

मेव्हण्याने बोट खाली घेतलं.

मग बाई बोलल्या, मघासारख्याच शांत आवाजात. "बाकी कुणीही जमिनीवर म्हटलं, की मी दोन मिनिटं थांबते, मगच फेरी सोडते. नियमात नाही ते. लोक घाई करतात हे मला ठाऊक आहे, म्हणून माझी मी थांबते. तुमच्यासाठी थांबणं मी सोडलं होतं. मला वाटलं, या माणसाच्या बाबतीत गरज नाही."

फोन ठेवल्याचा आवाज आला. खात्री तसाच वाकलेला उभा राहिला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

घरी जाऊन त्याने चपला काढायच्या आधी बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "कुणाला लागलं नाही ना?" तो नाही म्हणाला. "मग आधी बसा," ती म्हणाली, आणि तो बसल्यावर तीही शेजारी बसली. त्या दिवशी तिने त्याला एका शब्दानेही चिडवलं नाही, आणि त्यानेच त्याला जास्त रडू आलं.

चौकशी झाली. बाईंनी लिहिलेला कागद समोर ठेवला होता. त्यात त्याने स्वतःहून फोन केला, हेही होतं आणि सात महिने, हेही होतं. दोन्ही एकाच सरळ अक्षरात. लायसन्स वर्षभरासाठी गेलं आणि पुन्हा परीक्षा द्यायची अट पडली. ते वर्ष त्याने दप्तरखान्यात काढलं. बिनखिडकीच्या खोलीत फायलींना नंबर घालताना मधेच पत्र्याचा तो थरथराट कानात यायचा. त्या दारातल्या माणसाला भेटून यावं, असं त्याला कितीदा वाटलं, पण भेटून म्हणणार काय, ते त्याला सुचलं नाही.

तेरा महिन्यांनी तो पुन्हा पंपघरापाशी उभा राहिला. मेव्हणा पायरीवर होता, पण या वेळी त्याने बसची गोष्ट काढली नाही. वारा नव्हता. फोन लावला, तर आवाज तोच होता. "बोला." त्याने नंबर सांगितला. "दहा सतरा. हवेत," बाई म्हणाल्या.

ड्रोन गेलं, आलं, चटईवर बसलं. पंखे फिरायचे थांबले. तो खाली बसला, त्याने यंत्रावर हात ठेवला आणि मग फोन लावला.

"जमिनीवर."

"दहा एकेचाळीस."

पुढचे शब्द आले नाहीत. धन्यवाद नाही, बंद करते नाही. फोन चालू होता. त्यांच्या खोलीतल्या पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"बाई, काही राहिलं का?"

"नाही. थांबलेय."

त्याला कळलं. आपला हात यंत्रावर आहे, ते चटईवर आहे, बॅटरीसुद्धा काढून ठेवतो हवं तर, असं सगळं त्याच्या ओठांवर आलं होतं. त्याने त्यातलं काही बोलून दाखवलं नाही. मेव्हण्याने खुणेने विचारलं, काय झालं? त्याने नुसती मान हलवली. फार लागलं त्याला ते, आणि त्याच वेळी त्या दारातल्या माणसासाठी बरंही वाटलं. फोन कानाला धरून तो पंख्याची घरघर ऐकत राहिला. दोन मिनिटं म्हणजे किती असतात, ते त्याला त्या दिवशी समजलं.

"धन्यवाद," बाई म्हणाल्या. "बंद करते."

थोड्या वेळाने टेकाडामागून हेलिकॉप्टरचा आवाज आला. तो पाइपलाइनच्या कडेने पुढे सरकत धरणाकडे गेला, आणि अगदी ऐकू येईनासा होईपर्यंत खात्रीने यंत्रावरचा हात काढला नाही.